परक्याचा पाय

सोमनुकला मावशीच्या दारावरचा तालेव शिडीच्या खालूनच दिसला. बांबूच्या कामट्यांची विणलेली ती जाळी अजून हिरवी होती, म्हणजे काल-परवाचीच. घरात कुणी आजारी असलं आणि भगतानं त्याचा भरकटलेला जीव हाका मारून परत आणला, की दाराला तालेव बांधतात. भगत स्वतःच्या हातानं तो सोडत नाही तोवर परक्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. परत आलेला जीव बुजरा असतो, अनोळखी पाऊल वाजलं की पुन्हा रानात पळतो. हुएसांग गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि सोमनुक तर याच शिडीवर चढत-उतरत मोठा झालेला.

पण त्याच्या पाठीमागे आठ पाहुणे उभे होते. उन्हानं लाल झालेले, भुकेले आणि एकदम खूश.

लुआंग प्रबांगच्या ज्या सहल कंपनीत तो गाइड होता तिचा कार्यक्रम ठरलेला होता. पहाटे भिक्षूंची रांग, मग जुन्या शहरातले विहार, मग नदीनं वर होडीतून प्रवास, आणि दुपारी डोंगरातल्या खमू जमातीच्या एका खऱ्याखुऱ्या कुटुंबात जेवण. हे खरंखुरं कुटुंब म्हणजे सोमनुकची पेंगमावशी. आई गेल्यावर तिनंच त्याला पदराखाली घेतलं होतं. जेवणाची कल्पना त्याची स्वतःची, आणि तिच्यावरच त्याची नोकरी टिकून होती. शहरात फाडफाड परक्या भाषा बोलणारे गाइड पैशाला पासरी मिळत, पण पाहुण्यांना स्वतःच्या घरी नेणारा हा एकटाच.

आदल्या दिवशी मावशीच्या मुलीचा, चान्थीचा, फोन आला होता. गावात रेंज नाही. फोन करायचा तर टेकडी चढावी लागते, तेव्हा काहीतरी कामाचंच असणार हे त्याला कळत होतं. पण त्या वेळी तो पाहुण्यांना विहाराच्या भिंतीवरची काचेची नक्षी समजावून सांगत होता. नंतर करू म्हणाला आणि विसरला. आता तालेव बघून तो फोन कशासाठी होता ते त्याला कळलं.

खरं तर अजूनही काही बिघडलं नव्हतं. घरात आजारपण आहे, आज जेवण शेजारी, एवढं सांगितलं असतं तर पाहुण्यांनी च्‌च्‌ केलं असतं आणि शेजारणीच्या घरी तितक्याच आनंदानं जेवले असते. पण गाइडच्या जिभेला एक खोड असते. प्रश्न कानावर पडला की ती मालकाला न विचारता उत्तर देते.

"हे काय आहे?" गटातल्या चष्मेवाल्या बाईनं तालेवकडे बोट दाखवून विचारलं.

"स्वागताचं चिन्ह," सोमनुक म्हणाला. "पाहुणे यायचे असले की बांधतात."

त्यानं शब्द परत घ्यायला तोंड उघडलं. पण तोवर सगळ्यांनी फोटो काढायला सुरुवात केली होती. एक जण तर त्याच्याखाली हात जोडून उभा राहिला.

"किती सुंदर," बाई म्हणाली. "मला मिळेल का? माझ्या घराच्या दारावर लावीन."

समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ पाखडता पाखडता थांबली होती आणि डोळे बारीक करून इकडे बघत होती. तालेव तिथं लटकत राहिला आणि खालून आठ परकी माणसं आत गेली, तर ते सगळ्या गावाला दिसणार. तालेवच नसला तर निदान लांबून तरी दिसणार नाही. सोमनुकनं घाईघाईनं वर चढून दोरी सोडली आणि खाली येऊन जाळी बाईच्या हातात दिली. ती बाई आज कुठल्यातरी थंड देशात आपल्याच दाराला मनाईची खूण बांधून पाहुण्यांची वाट बघत बसली असेल. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर सोमनुक पोट धरून हसला असता.

मी घरचा आहे, घरच्याच्या पायानं काही तुटत नाही, आणि माझ्याबरोबर आलेले ते माझेच, असं त्यानं शिडी चढता चढता मनाशी जुळवून टाकलं. हे सगळं खोटं आहे हे त्याला पहिल्या पायरीवरच माहीत होतं.

आत मावशी चुलीजवळ पडली होती. दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत परतलेला जीव बांधून ठेवणारे पांढरे दोरे, गालाची हाडं वर आलेली. चान्थी तिच्या उशाशी बसून तिला पेज पाजत होती. तिनं आधी सोमनुककडे पाहिलं, मग त्याच्यामागून वाकून आत शिरणाऱ्या माणसांकडे, मग मोकळ्या दाराकडे. हातातला चमचा तिनं सावकाश खाली ठेवला.

"तुझे डोळे फुटले होते का, दादा?" ती हळूच म्हणाली.

"चान्थी, गप्प," मावशी म्हणाली. तिनंही दाराकडे पाहिलं होतं. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते सोमनुकनं याआधी एकदाच पाहिलं होतं, लहानपणी तो नदीत वाहून जाता जाता वाचला तेव्हा. मग ती भिंतीला धरून उठली. "पोरगा माणसं घेऊन आलाय. चिकट भात झालाय ना? आणि ती मिरचीची चटणी काढ. मासे भाजायचे राहिलेत, ते मी बघते."

"मावशी, तू पडून राहा."

"पडून राहा म्हणे. मग यांना वाढणार कोण, तुझी कंपनी?"

तिनं मासे भाजले. पाहुण्यांना वाढलं, त्यांच्याकडे बघून हसली, त्यांनी बोटानं भाताचा गोळा चटणीत बुडवला की आणखी वाढलं. चष्मेवाल्या बाईनं तिचा हात हातात घेऊन त्या दोऱ्यांचा फोटो काढला आणि ते कशासाठी असतात म्हणून विचारलं. सोमनुकनं सांगितलं, सुखासमाधानासाठी. मावशीला परकी भाषा कळत नव्हती, पण तो काहीतरी खोटं बोलला हे तिला कळलं, कारण तो लहानपणापासून खोटं बोलताना कान चोळायचा. निघताना तिनं दारापर्यंत येऊन त्याला नदीचं पाणी वाढलंय, होडी काठाकाठानं न्यायला सांग, एवढंच बजावलं.

होडीत सगळे गाणी म्हणत होते. सोमनुक मान खाली घालून पाण्याकडे बघत बसला. आपल्याला शरम वाटायला हवी असं नव्हे, ती वाटतच होती, ताटात पडलेल्या केसासारखी, काढता येईना आणि गिळताही येईना.

त्याच आठवड्यात चान्थी पुन्हा टेकडी चढली. या वेळी त्यानं पहिल्या घंटीला फोन उचलला.

"ताप परत आलाय," ती म्हणाली. "आधीपेक्षा जास्त. रात्रंदिवस बडबडते. भगतमामानं विचारलं, तालेव कुणी काढला? आई म्हणाली, मी काढला. मीच त्यांना आत बोलावलं."

"तिनं नाही काढला."

"मला सांगतोस? मी काय झोपले होते? मामानं मला विचारलं तेव्हा आईनं माझा हात असा दाबला की अजून वळ आहे. घरानं स्वतःच बोलावलं म्हणजे घरानंच जीव हाकलला. आता भात कापून घरातल्या देवाला नवं अन्न दाखवेपर्यंत मामा हाक मारणार नाही. कापणीला किती अवकाश आहे ते बघ तुझ्या कॅलेंडरात. तोवर ती राहील का?" आणि त्याचं उत्तर ऐकायला न थांबता तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सोमनुकनं कंपनीत पोट बिघडल्याचं सांगितलं आणि एक डुक्कर आणि भाताच्या दारूचं एक मडकं होडीत घालून गावी निघाला. डुक्कर वाटभर ओरडत होतं आणि होडीवाला सारखं विचारत होता, लग्न कुणाचं म्हणून.

ता-लुनमामा, म्हणजे मावशीचा थोरला भाऊ आणि गावचा भगत, आपल्या घराखालच्या सावलीत बांबू सोलत बसला होता. त्यानं वर न बघताच डुकराकडे हात केला. "हे कशाला?"

"दंड आहे, मामा. तालेव मी काढला. मावशी खोटं बोलतेय."

"मला काय दिसत नाही? समोरच्या म्हातारीनं त्याच संध्याकाळी सांगितलं." मामानं कामटी उन्हात धरून पाहिली. "पण मी भगत आहे, पोलीस नाही. म्हातारीनं काय पाहिलं त्याच्याशी घराचं काही देणंघेणं नाही. घराला दोनच गोष्टी कळतात. एक तर घरच्यानं बोलावलं, नाहीतर परक्यानं तोडलं. परक्यानं तोडलं असेल तर तो दंड देतो आणि मी आजच्या आज पुन्हा हाक मारतो. घरच्यानं बोलावलं असेल तर कापणी."

"मग मी तोडलं ना."

"तू कोण? घरचा. घरच्यानं माणसं आत नेली म्हणजे घरानंच नेली. तुझी मावशी वेडी नाही, सोमनुक. तिनं हे सगळं पडल्यापडल्या जोखलं आणि मगच तोंड उघडलं."

सोमनुकला आता कुठे नीट उमगलं. तो दंड देऊन मोकळा व्हायला आला होता. मावशीनं त्याला दंडापासून वाचवलं होतं असं तो समजत होता. ती वेगळ्याच गोष्टीपासून, परका ठरण्यापासून, वाचवत होती.

"आणि मी परका म्हणून आलो होतो असं म्हटलं तर?"

मामाचा सुरा थांबला. "ते मला म्हणून उपयोग नाही. शिडीखाली उभं राहून घराला सांगावं लागेल. आणि एकदा सांगितलंस की ते सांगितलंस. त्या घरातल्या चुलीची राख तू काढायची नाहीस, तिच्या मयतीला खांदा द्यायचा नाहीस. येशील-जाशील, जेवशील, कुणी नको म्हणणार नाही. पाहुण्याला कोण नको म्हणतं?" त्यानं सुरा पुन्हा बांबूला लावला. "विचार करून ये."

सोमनुकनं विचार केला नाही, कारण केला असता तर तो होडीकडे गेला असता. तो सरळ मावशीच्या शिडीखाली जाऊन उभा राहिला. मामा मागून आला. ओट्यावरची म्हातारी आली, आणखी काही शेजारी जमले. वरून मावशीच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

"त्या दिवशी मी परका म्हणून आलो होतो," सोमनुक मोठ्यानं म्हणाला. "परकी माणसं घेऊन आलो, माझ्या कामासाठी. खूण मी काढली. घरानं बोलावलं नव्हतं."

"खोटं बोलतोय." मावशीचा आवाज फाटला होता. "कान बघा त्याचा, खोटं बोलतोय. मी बोलावलं. माझं पोर आहे, मी बोलावलं."

सगळे त्याच्या हातांकडे बघायला लागले. सोमनुकनं दोन्ही हात पाठीमागे धरले होते, घट्ट. तो खोटं बोलत नव्हता, हेच त्याला सगळ्यात वाईट वाटत होतं. त्या दिवशी या शिडीवर पाय ठेवताना आत कोण आजारी आहे हे त्यानं विचारलंही नव्हतं. जेवण वेळेवर होईल की नाही, हे आधी मनात आलं होतं.

"मी या घराचा नाही," तो म्हणाला.

वरून चान्थीच्या रडण्याचा आवाज आला, आणि मामा त्याच्या बाजूनं शिडी चढून वर गेला.

दुपार कलेपर्यंत मामानं हाका मारल्या. नदीकडे तोंड करून, मग रानाकडे, मग ज्या वाटेनं होड्या येतात त्या वाटेकडे. ये, भात गरम आहे, अंथरूण घातलंय, घरात आपलीच माणसं आहेत. हे शेवटचं वाक्य आलं की शिडीखाली बसलेला सोमनुक जमिनीकडे बघायचा. ऊन उतरता उतरता मावशीला घाम फुटला, ताप उतरला, तिनं एक अंडं खाल्लं. मामानं नवा तालेव दाराला बांधला. आणि मावशी पुरती उठून बसल्यावर, पुढच्या पौर्णिमेला, त्यानं तो स्वतःच्या हातानं सोडला. त्या दिवशी दारूचं मडकं उघडायचं होतं, आणि सोमनुकला निरोप आला.

तो आला तो सवयीनं चुलीपाशी जाऊन बसला. चान्थीनं दाराजवळ नवी चटई अंथरली आणि त्या चटईकडे बघत उभी राहिली. तो उठला आणि तिथं जाऊन बसला. त्याच्या पानात कोंबडीचा सगळ्यात चांगला तुकडा आला, जो या घरात त्याच्या वाट्याला कधीच आला नव्हता. घरातल्या पोरांना पाय आणि पंख मिळत, आणि त्यावरून तो आणि चान्थी हमरीतुमरीवर येत. आज चान्थी पंख चघळत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती.

मडक्याचं तोंड उघडलं. पहिला घोट परक्याचा असतो, आणि मडक्यातली दारू ओढायची नळी परक्याला घरची बाई स्वतः देते. मावशी मामाच्या खांद्याला धरून उठली. बारीक झाली होती, पण पाय स्थिर होते. ती दाराजवळ आली, त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि नळी पुढे धरली. आता परक्याला जे विचारतात ते तिला विचारावंच लागणार होतं. ते राहिलं असतं, तिनं त्याला साधं नावानं हाक मारली असती, तरी घराला संशय आला असता आणि मामाच्या सगळ्या हाका वाया गेल्या असत्या. तिला हे माहीत होतं आणि त्यालाही.

"पाहुणे," मावशी म्हणाली, "गाव कुठलं आपलं?"

सगळे जेवायचे थांबले. ती नळी तशीच धरून बसली.

"लुआंग प्रबांग," तो म्हणाला.

"लांबून आलात," मावशी म्हणाली. "प्या."