सतत हाका मारणारं दार

मबरूकाचा फोन आला तेव्हा दोरसाफ जेवायला बसली होती. बार्लीच्या पावाचा तुकडा तिने नुकताच माशाच्या सुपात बुडवला होता.

"पोरी, ये आणि तुझं खोकं घेऊन जा," मबरूका म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "सगळी अंडी उकडली माझी. पिल्लं आतल्या आत मेली. तुझी घंटा वाजलीच नाही."

पावाचा तुकडा सुपातच राहिला.

दोरसाफ शाबूनी आणि नूरी जल्लूली, ज्यांना सगळे आदराने 'सी नूरी' म्हणत, यांचा सफाकस शहरात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, एक छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन टेबलं, एक पंखा आणि तारांची भेंडोळी. सी नूरींनी तंत्रशाळेत आयुष्यभर मुलं शिकवली होती, त्यांतलीच दोरसाफ एक. ते निवृत्त झाले तेव्हा तिच्याबरोबरची बहुतेक मुलं फ्रान्स-जर्मनीत पोचली होती. ही मात्र एक दिवस त्यांच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सी नूरी, आपण काहीतरी बनवूया." त्यांनी सर्किट आखलं, तिने प्रोग्रॅम लिहिला, आणि अंडी उबवायच्या यंत्रांवर बसवायचं एक खोकं तयार झालं. कपाटाएवढ्या त्या यंत्रात ऊब किती आहे, पंखा फिरतोय का, दार लागलंय का, वीज आहे का, यावर ते खोकं लक्ष ठेवायचं आणि काही बिघडलं की घंटा वाजवायचं. आसपासच्या गावांतल्या काही उबवणी केंद्रांनी ते घेतलं होतं. अगारेबची मबरूका सगळ्यांत पहिली.

या खोक्यावरून दोघांत सुरुवातीलाच मोठं भांडण झालं होतं. सी नूरी जुन्या वळणाचे. त्यांच्या मते खोक्याचा मेंदू असलेल्या प्रोसेसरने रखवालदारासारखी फेरी मारावी: ऊब, ठीक आहेस का? पंख्या, तू? दारा, तू? मग पुन्हा पहिल्यापासून. दोरसाफला ते पटत नव्हतं. वीज डोळ्याचं पातं लवेपर्यंत जाते आणि येते. रखवालदार तेव्हा नेमका दुसऱ्या टोकाला असला तर त्याला कळणारही नाही. त्यापेक्षा प्रत्येकाला एकेक तार द्यावी. ज्याला गरज असेल त्याने त्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारावी. प्रोसेसरने हातातलं काम जिथल्या तिथे ठेवावं, हाकेला ओ द्यावी, काय ते बघावं आणि परत येऊन सोडल्या जागेपासून काम पुढे चालू करावं. पुस्तकात याला इंटरप्ट म्हणतात. हे दोघं आपसात 'हाक'च म्हणायचे.

"सगळेच एकदम हाका मारायला लागले म्हणजे?" सी नूरींनी तेव्हा विचारलं होतं.

"कशाला मारतील?" दोरसाफ म्हणाली होती.

आता अगारेबच्या रस्त्याने सी नूरींच्या जुन्या गाडीत बसून जाताना तिला ते सगळं आठवत होतं आणि ते कधी बोलून दाखवतात याची ती वाट बघत होती. दोन्ही बाजूंनी ऑलिव्हच्या रांगा मागे पळत होत्या. सी नूरी रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत होते.

मबरूका आवारातच उभी होती. पन्नाशीची, उंचीपुरी, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. नवरा वारल्यावर हे केंद्र तिने एकटीने चालवलं होतं. मदतीला फक्त धाकटी जाऊ वसीला. भिंतीशी मेलेल्या अंड्यांच्या गोणी रचलेल्या होत्या आणि त्यांचा वास आवारभर पसरला होता.

"या, सफाकसवाले," मबरूका म्हणाली. "बघून घ्या. नाक दाबू नका, मी दाबलं नाही."

दोरसाफने नाकाकडे नेलेला हात खाली घेतला.

"मबरूका, माफी मागायलाच आलोय," सी नूरी म्हणाले.

"माफीतून पिल्लं निघतात का? बसा, वसीला चहा आणतेय. माझ्या घरी आलेला माणूस चहाशिवाय जात नाही. शिव्या त्यानंतर देईन."

चहा झाला आणि शिव्याही झाल्या. मग दोरसाफने हळूच विचारलं, "त्या दिवशी खोक्याकडे कोणी बघितलं होतं का?"

"मीच बघितलं की! आंधळी आहे का मी?" मबरूका म्हणाली. "शेवटचा आठवडा, त्यात दक्षिणेचा गरम वारा सुटलेला. अशा वेळी अंडी आतून स्वतःच तापतात, जीव असतो ना त्यांत. म्हणून मी येता-जाता बघत होते. आकडा अगदी जागच्या जागी. सकाळी तोच, दुपारी तोच. तसूभर हलला नाही. म्हटलं, वा, काय यंत्र केलंय पोरीने!"

"हललाच नाही?" दोरसाफने विचारलं.

"सांगतेय काय मग!"

दोरसाफने सी नूरींकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच बघत होते. चालत्या यंत्रातल्या उबेचा आकडा कधी स्थिर नसतो, तो सारखा किंचित वर-खाली होत राहतो. जागचा हलत नाही, म्हणजे प्रोसेसरला तो आकडा बदलायला सवडच मिळालेली नव्हती. तो दुसऱ्या कशात तरी गुंतून पडला होता.

कारखान्यातल्या टेबलावर हे खोकं कधीच अडकलं नव्हतं. म्हणून दोरसाफने ते इथेच, यंत्रावर बसवलेलं असतानाच उघडलं. तारांमधली हालचाल पडद्यावर दाखवणारं एक हातात मावणारं यंत्र तिने बरोबर आणलं होतं. ते ती एकेका तारेला लावून बघू लागली. उबेची तार शांत. विजेची शांत. पंख्याच्या तारेवर ठरावीक ठोके, जसे हवेत तसे. मग तिने दाराच्या तारेला हात घातला, आणि पडद्यावर झाडूच्या हिरांसारख्या रेघाच रेघा उभ्या राहिल्या.

"दार उघडंय?" तिने विचारलं.

"चांगलं लावलंय," वसीला म्हणाली.

दोरसाफने दारावर तळहात टेकवला. मोठ्या पंख्यामुळे अख्खं कपाट थरथरत होतं. दाराच्या चौकटीतलं छोटं बटण वापरून वापरून झिजलं होतं, आणि प्रत्येक थरथरीबरोबर ते सुटत होतं, लागत होतं, सुटत होतं, लागत होतं. प्रत्येक वेळी ते प्रोसेसरला हाक मारत होतं: दार उघडलं! दार उघडलं! आणि तिने लिहिलेल्या प्रोग्रॅमप्रमाणे प्रोसेसर प्रत्येक हाकेला इमानेइतबारे ओ देत होता. वेळ नोंदवायचा, पडद्यावर दाराचं चिन्ह काढायचं, पुसायचं. ते उरकेपर्यंत दुसऱ्या कोणाचीही हाक आत घ्यायची नाही, असंही तिनेच लिहिलं होतं. काम संपतं न संपतं तोच दाराची पुढची हाक. ऊब बाहेर हाका मारून थकली असेल, पण तिची पाळी आलीच नाही.

दोरसाफ जमिनीवरच बसली.

"बोला आता," ती सी नूरींना म्हणाली. "मी सांगत होतो, म्हणा."

सी नूरींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणणारच होतो. गाडीत पूर्ण वेळ तेच घोळवत होतो मनात. पण हे बटण मीच निवडलं होतं. स्वस्तातलं. तेव्हा गप्प बसणं बरं."

"मग परत फेरीवरच जायचं? रखवालदार?"

"का म्हणून? मागच्या महिन्यात वीज क्षणभर गेली ती याच खोक्याने पकडली होती की. फेरीत ती निसटली असती." त्यांनी चष्मा परत लावला. "दाराची हाक एकदा आली की फक्त कानावर घ्यायची आणि त्याची तार थोडा वेळ बंद करायची. चिन्हं-बिन्हं सवडीने काढत बसू. आणि उबेला मात्र..."

"...कोणीच थांबवायचं नाही," दोरसाफ म्हणाली. "दाराचं काम चालू असेल तरी ते मध्येच तोडून तिने आत यायचं."

"सुचलं होतं तर आधी बोलायचंस."

"तुम्ही बोलू दिलंत तर ना!"

मबरूका कमरेवर हात ठेवून हे सगळं ऐकत होती. "तुमचं लग्न लागलेलं नाही हे नशीब," ती म्हणाली. "आता मला समजेल असं सांगा."

दोरसाफने सांगितलं. मबरूकाने शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "म्हणजे माझ्या वसीलासारखं झालं. फोन वाजला की हातातलं सगळं टाकून धावते, मग चुलीवरचं करपतं."

"वहिनी!" वसीला ओरडली.

प्रोग्रॅम बदलायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो मबरूकाला राजी करायला. दोरसाफचं म्हणणं होतं की झिजलेलं बटण इतक्यात काढायचं नाही. त्या बटणाच्या गोंगाटातही खोकं नीट चालतं की नाही हेच तर बघायचं होतं. नवं बटणही कधीतरी झिजणारच.

"म्हणजे मोडकं ते मोडकंच ठेवायचं, आणि वर माझी अंडी घालायची?" मबरूका म्हणाली. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

आधी रिकाम्या यंत्रात दिवे लावून ऊब वाढवून बघितली. घंटा वाजली. पुन्हा वाढवली, पुन्हा वाजली. मबरूका नकाराची मान हलवत राहिली. शेवटी तिने विकत घेतलेली अंडी बाजूला ठेवली आणि घरच्या कोंबड्यांची अंडी एका ट्रेमध्ये मांडली.

"ही माझी स्वतःची," ती म्हणाली. "गेली तर रडेन मीच, पण तुला ऐकू येईल इतक्या मोठ्याने रडेन."

त्यानंतरचे दिवस दोरसाफला कारखान्यात चैन पडेना. फ्रान्समध्ये, ल्योंला असलेल्या भावाचा फोन आला. त्याच्या कंपनीत एक जागा रिकामी होती आणि तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "किती दिवस कोंबड्यांत राहणार आहेस?" ती म्हणाली, "अजून काही दिवस." या वेळी त्याला हसण्यावारी नेणं तिला जमलं नाही. मबरूकाची ती अंडी वाया गेली तर आपल्याकडे त्याला द्यायला उत्तर नसेल, हे तिला ठाऊक होतं.

मग पुन्हा दक्षिणेचा वारा सुटला. भर दुपारी मबरूकाचा फोन आला, आणि तिच्या आवाजाआधी ऐकू आली ती घंटा.

"हा तुझा कर्कश बाजा बंद कसा करायचा?" मबरूका किंचाळत होती. "कानाचे पडदे फाटतील! इथे वीज गेलीय, जनरेटर लावलाय, भिंती हादरतायत, आणि हे बोंबलतंय!"

"बंद करू नका! पडद्यावर काय दिसतंय?"

"उबेचं चिन्ह. लाल. आकडा वर चाललाय."

"पंखा बघा! पंखा फिरतोय का?"

पलीकडे धावण्याचा आवाज, वसीलाचं काहीतरी ओरडणं, मग मबरूका, धापा टाकत: "पंख्याचा पट्टा तुटलाय! जनरेटर सुरू होताना तुटला असणार!"

"दारं उघडा! यंत्राचं, खोलीचं, दोन्ही! ट्रे बाहेर ओढा, पुठ्ठ्याने वारा घाला. जमिनीवर पाणी मारा!"

"ते मला शिकवू नकोस," मबरूका म्हणाली आणि फोन तसाच टाकून निघून गेली.

फोन चालूच राहिला. दोरसाफ तो कानाला लावून उभी होती, सी नूरी शेजारी. बादल्यांचा आवाज, पायांचा, वसीलाला दिलेल्या शिव्यांचा. घंटा वाजतच होती. मग एका क्षणी ती थांबली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. घंटा थांबायची दोनच कारणं असू शकत होती: ऊब उतरली, किंवा खोकं पुन्हा अडकलं.

बऱ्याच वेळाने मबरूकाने फोन उचलला. "आहेस का अजून? उतरलाय आकडा. हळूहळू उतरतोय, हलत हलत." पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. "अंड्याला हात लावून बघितला. कोमट आहे, पोरी. गरम नाही."

"हमदुल्ला, देवाची कृपा," सी नूरी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

पिल्लं निघायच्या दिवशी दोघंही अगारेबला गेले. सगळी अंडी वाचली असं नाही. काही तशीच राहिली, कवच जसंच्या तसं. पण बाकी सगळ्या ट्रेभर ओलसर, लटपटत्या पिल्लांचा नुसता कालवा चालला होता. सी नूरींनी आयुष्यात पिल्लू अंड्यातून बाहेर येताना पाहिलं नव्हतं. ते एका चिरलेल्या अंड्यापाशी वाकून उभे राहिले ते हलेचनात. मबरूकाने त्यांना दोनदा चहाला बोलावलं.

"राहू दे त्यांना," वसीला कुजबुजली.

चहा पिताना मबरूका म्हणाली, "मागचं नुकसान मी विसरलेले नाही. विसरणारही नाही. पण खोकं राहू दे इथेच. आणि माझ्या भावाचं केंद्र आहे महारेसला, त्यालाही एक हवंय. त्याला मी सांगितलंय, या लोकांच्या चुका माझ्याकडे होऊन गेल्यात, तुझ्याकडे नव्या होतील."

दोरसाफ हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

"आता रडू नकोस, चहा खारट होईल," मबरूका म्हणाली आणि तिच्या ताटलीत आणखी बदाम टाकले.

परतताना सी नूरींनी गाडी सफाकसकडे न वळवता दुसऱ्या रस्त्याला घातली. आजूबाजूच्या ज्या ज्या केंद्रांवर जुना प्रोग्रॅम चालू होता तिथे एकेक करून जायचं, बदलून द्यायचं आणि झालेलं खरं खरं सांगायचं, असं त्यांचं ठरलं होतं. काही जण चिडतील, एखादा दारातूनच परत पाठवेल, हे दोघांनाही माहीत होतं. काचा खाली होत्या आणि वारा अजूनही गरमच होता.

"आणि पंख्याचं काय?" सी नूरी म्हणाले. "त्याचे ठोके बंद पडले तेव्हा ऊब चढायची वाट का बघितली आपण? त्याच वेळी घंटा वाजायला हवी होती."

"तेच लिहितेय," दोरसाफ म्हणाली. मांडीवरच्या लॅपटॉपमधून तिने मान वर काढली नाही. "गाडी जरा हळू चालवा, अक्षरं नाचतायत."

"तू जरा भरभर लिही," सी नूरी म्हणाले, आणि गाडी हळू केली.