धुरपताच्या लेकराचं पाणी

मी एक जुना पितळी तांब्या आहे, आणि मित्रांनो, माझी कहाणी गोड नाही हे आधीच सांगून ठेवतो.

औशाच्या बाजारात एका कासाराकडून यशोदाबाईंनी मला विकत घेतलं आणि चाकूरकडच्या आपल्या वाडीतल्या चर्चला दिलं. माझ्या धारेखाली पंचवीसेक लेकरांचा बाप्तिस्मा झाला. लेकरं किंचाळायची, आया हसायच्या आणि मला उगीच मोठं झाल्यासारखं वाटायचं. फादर महिन्यातून एकदा यायचे. एरवी रविवारची प्रार्थना, मयत, भांडणतंटे, झाडलोट, सगळं गावातल्या माणसांच्या कमिटीवर. त्यातही यशोदाबाई आणि शाळेतले देविदास मास्तर हे दोघंच काय ते चर्चचा गाडा ओढायचे.

एकदा मास्तरांनी भाबडेपणानं एका आजाऱ्याच्या कपाळाला पवित्र तेल लावलं. ते काम फक्त फादरचं. फादर त्यांना सगळ्यांदेखत वाट्टेल तसं बोलले. दुधानं तोंड पोळलं, तेव्हापासून मास्तर ताकही फुंकून पिऊ लागले.

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढचा उन्हाळा. विहिरीत नुसता गाळ. वाडीच्या टँकरचे कागद उस्मानाबादच्या कचेरीत आणि नवे साहेब लातूरच्या. त्या कागदांपायी फादर लातूरला मुक्काम ठोकून होते.

एका सकाळी धुरपता चर्चमध्ये आली. नवरा केरबा खडी फोडायला हिमायतनगरकडे गेलेला. तिच्या पदराखाली पंधरा दिवसांचं लेकरू, जुलाबानं सुकून गेलेलं. चाकूरच्या डॉक्टरनं हात टेकले होते. आता तिला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी लेकराचा बाप्तिस्मा व्हावा, त्याला नाव मिळावं. यशोदाबाईंनी घरच्या रांजणाच्या तळातलं पाणी गाळून मला भरून आणलं.

“मास्तर, घाला पानी. लेकरू चाललं,” त्या म्हणाल्या.

मास्तरांचा हात माझ्या गळ्यापर्यंत आला आणि थांबला. “मला अधिकार न्हाई, बाई. फादरला घिऊन येतो.”

ते तसेच उपाशीपोटी एसटी धरायला पळाले. माणूस वाईट नव्हता हो. यशोदाबाईंनी स्वतः पाणी घालावं, हे तर कुणाच्या स्वप्नातही आलं नाही, त्यांच्याही नाही.

दुपारी लेकरू गेलं. मी त्याच्या उशाशी भरलेलाच होतो.

दिवस कलताना फादर आणि मास्तर पोचले. काय घडलं ते कळल्यावर फादर म्हणाले, “मास्तर, मरणाच्या दारातल्या लेकराला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. मी शिकवलं होतं तुम्हाला.”

उत्तर यशोदाबाईंनी दिलं. “शिकिवलं एकडाव, फादर. रागावलात, त्ये ध्यानात ऱ्हायलं.”

धुरपतानं मला उचललं आणि त्याच पाण्यानं लेकराला शेवटची अंघोळ घातली. तेवढं पाणी पुरून उरलं, इतकंसं ते लेकरू. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी फादरांनी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि बायाबापड्यांसकट साऱ्या वाडीला बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करायला लावले. मास्तरांनी कमिटी सोडली. ते शेवटच्या रांगेत बसू लागले, आणि मी दिसलो की नजर वळवू लागले. आता मी कोपऱ्यात हिरवा पडलो आहे. स्टीलचा नवा जग आला आहे.

मित्रांनो, मला चिंचेनं घासलं नाहीत तरी चालेल. पण समोर कुणाचा जीव जात असेल आणि हाताशी पाणी असेल, तर हे माझं काम नाही म्हणून मोठ्या माणसाला बोलवायला जाऊ नका. मास्तरांना जाऊन यायला नऊ तास लागले. धुरपताच्या लेकराकडे पाचच होते.