उलटा कोट

शिंपीणबाईंना वडिलांनी मशीनवर बसवायच्या आधी एकच गोष्ट शिकवली होती. कपडा हातात आला की आधी उलटा करून बघायचा, कारण सुलट बाजूला कुणीही नटतं. तेव्हापासून बाई माणसंही तशीच पारखत आल्या.

आज लेकीनं लग्नासाठी पसंत केलेला मुलगा घरी आणला. त्याच्या कोटाची कडक इस्त्री पाहूनच बाईंनी नाक मुरडलं.

"काढा तो कोट, खांद्याला उसवलाय," बाईंनी बेधडक थाप मारली आणि कोट उलटा केला. काळ्या अस्तराला पांढऱ्या दोऱ्याचे वेडेवाकडे टाके होते.

"ही कुणाची करामत?"

"माझीच," तो ओशाळला. "काळा दोरा नव्हता घरात."

"टाके आहेत का कोंबडी नाचून गेलीय?"

"आई, गाठ ओढून बघ," लेक म्हणाली.

बाईंनी ओढली. गाठ हलली नाही.

"तुला गं कसं ठाऊक?"

"पहिल्याच भेटीत उलटा करून पाहिला मी. लेक कुणाची?"

बाईंनी एकही टाका न उसवता कोट परत दिला.

"बसा जेवायला. आणि जाताना काळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन जा."