खुंटीची कावीळ

लातूर वेगळा जिल्हा झाला आणि त्याच साली पाऊस रुसला. अहमदपूरजवळच्या त्या छोट्या गावात मात्र बोलणं एकच होतं. श्रीमंतला नव्या जिल्ह्याच्या टँकरवर ड्रायव्हर म्हणून बोलावणं आलं होतं. आपल्या गावचा गडी गावोगाव पाणी पाजणार! डॉक्टरी तपासणी तेवढी बाकी होती, आणि नेमके श्रीमंतचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले.

त्याची बायको सिंधू त्याला नांदेडला घेऊन गेली. जिल्हा बदलला म्हणून काही दवाखाना बदलत नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या बरगडीखाली दाबलं तसा गडी कळवळला. दारूनं लिव्हर सुजलंय, बाई म्हणाल्या. आत्ता सोडली तर सावरेल, नाही तर पोटात पाणी भरेल, रक्ताच्या उलट्या होतील, मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही. श्रीमंत बाहेर येऊन हसला. भ्या दाखवायचाच यांना पगार मिळतो म्हणाला आणि गावात उतरल्या उतरल्या कोंडाबाईकडं गेला.

कोंडाबाई काविळीची माळ घालायची. कसल्याशा मुळ्यांचे ओले तुकडे दोऱ्यात गाठवून केलेली, डोक्यावर जेमतेम बसणारी माळ. कावीळ उतरेल तशी ती लांबते, कपाळावरून गळ्यात आणि गळ्यातून पोटावर येते, यावर साऱ्या पंचक्रोशीचा विश्वास. म्हातारी मनानं मोठी. तुटलीबिटली तर असू दे म्हणून तिनं एक जादा माळही दिली. सिंधूनं ती आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात खुंटीला अडकवली आणि विसरून गेली.

इकडं श्रीमंतची माळ जी सुटली ती सुटलीच! एवढी भरभर लांबणारी माळ खुद्द कोंडाबाईनंही पाहिली नव्हती. छातीला आली, बेंबीला आली, बघायला गाव लोटलं. सिंधूचे पाय जमिनीवर ठरेनात. नवऱ्याचे डोळे अजून पिवळेच होते, पण माळेपुढं डोळ्यांचं कोण ऐकतंय?

माळ गुडघ्याला टेकली त्या दुपारी श्रीमंतचा दोस्त वीरण्णा बाटली घेऊन आला. कावीळ गेली, नोकरी आली, आता घोटभर तर झालीच पाहिजे. अंगणात नुसता कालवा. सिंधूला नांदेडच्या बाई आठवल्या, पण एवढ्या आनंदात मोडता कोण घालणार, म्हणून ती पेले आणायला आत वळली. कोपऱ्यात तिच्या पायात काहीतरी अडकलं.

खुंटीवरची माळ लांबून भुईला टेकली होती.

तिनं ती हातात घेतली. टपोऱ्या मुळ्या कोरड्या हवेत वाळून काड्या झाल्या होत्या, गाठी सैल पडल्या होत्या. पेले राहिले बाजूला, ती माळ घेऊनच अंगणात आली.

"खुंटीलाबी कावीळ झाली व्हती का?" तिनं विचारलं.

वीरण्णा हसला, पण एकटाच. श्रीमंतनं दोन्ही माळा शेजारी धरल्या. खुंटीची वीतभर जास्तच भरली. त्यानं आरसा मागितला, उन्हात धरून डोळे पाहिले, आणि त्याचा हात आपोआप उजव्या बरगडीखाली गेला. तेवढ्यात सिंधूनं बाटली हिसकून अंगणात उपडी केली. तहानलेल्या जमिनीनं ती गटकन पिऊन टाकली.

मग एकच धावपळ! नांदेडची एसटी फाट्यावर धूळ उडवत निघालीच होती. जे गाव माळ बघायला लोटलं होतं, तेच आता गाडीमागं पळत तिला थांबवायला लागलं. कंडक्टरनं शिव्या घालत दोघांना आत ओढलं. श्रीमंत खिडकीशी बसला.

"सिंधे," फाटा मागं पडल्यावर तो हळूच म्हणाला, "खुंटी तर बरी झाली. मीबी व्हईन का?"

सिंधूनं त्याचा हात घट्ट धरला.

"खुंटी पीत न्हाई," ती म्हणाली.