तो गंज नव्हता, साहेब

साहेब, तुम्ही मुलांना खोटं सांगता.

शाळेची पोरं रांगेनं सिंगापूरच्या या नेमबाजी क्लबात येतात. तुम्ही, इथल्या शस्त्रांचे अधिकारी, माझ्या काचेवर टकटक करता आणि म्हणता, "ही बघा. हिची निगा कोणी राखली नाही. गंज चढला, बाद करावी लागली. म्हणून आपल्या वस्तू जपायच्या, ओके?" पोरं "ओके" म्हणतात. टीचर फोटो काढतात. धडा संपतो आणि सगळे खाली कँटीनमध्ये जातात. मी वरच राहते. त्या धड्यातलं एक अक्षरही खरं नाही, हे या इमारतीत फक्त दोघांना ठाऊक आहे. एक तुम्ही आणि दुसरी मी.

तर काचेपुढच्या मित्रांनो, आता माझ्याकडून ऐका.

मी एक जुनी रायफल आहे. बोल्ट-ॲक्शन. म्हणजे एक गोळी झाडली की बोल्टचा दांडा हाताने वर करायचा, मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर उडतं, मग पुन्हा पुढे ढकलून दांडा खाली पाडायचा. दाराला कडी घालावी तसं. माझा जन्म कलकत्त्याजवळ ईशापूरच्या कारखान्यात झाला, दुसरं महायुद्ध चालू असताना. मला कोणी कौतुकाने घडवलं नाही, घाईघाईने घडवलं. माणसं मारायला घडवलं. हे मी गोड करून सांगणार नाही. लहान मुलांपुढे असं बोलू नये म्हणतात. मग लहान मुलांना मला दाखवायलाही आणू नये.

जपान्यांनी हात वर केल्यावर मी एका हिंदी शिपायाच्या खांद्यावरून सिंगापूरला आले. तो बोटीवर सारखा ओकत होता, एवढंच त्याच्याबद्दल आठवतं. पुढे रबराच्या मळ्यावर पहाऱ्याला राहिले. मग ग्रीस फासून पेटीत घातली आणि विसरली गेले. विसरलं जाणं फार वाईट असतं असं तुमच्या निबंधात लिहिलेलं असतं. तसं काही नसतं. अंधार असतो, बस.

मला पेटीतून काढलं ते मिस्टर परेरांनी. इथल्याच बेडोक भागात राहणारे, बंदरातली नोकरी करून निवृत्त झालेले, तिरसट गृहस्थ. जुन्या लष्करी रायफली जमवायचा त्यांना नाद होता. एक जर्मन, एक जपानी, एक रशियन आणि मी. या शहरात रायफल कोणी घरी नेत नाही. मालक कोणीही असो, आम्ही क्लबच्या पोलादी खोलीत कुलपात. परेरा रविवारी येत, आम्हाला बाहेर काढत, झाडत, पुसत आणि कुरकुरत घरी जात. इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' जोडत ते एकच म्हणायचे. "रायफल वर्षातून एकदा तरी झाडलीच पाहिजे. नुसती ठेवायची असेल तर छत्र्यांचा स्टँड घ्या, लाह. स्वस्त पडतो."

ते म्हातारे झाले तेव्हा बाकीच्या तिघी परदेशी संग्राहकांकडे गेल्या. मला त्यांनी क्लबला दिलं, पण अट घालून. ही उल्काच्या हाताखाली राहील आणि झाडली जाईल.

उल्का पुण्याची. नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. नवरा प्रबोध आयटीत, मुलगी गार्गी शाळेत, घर यिशुनला. बाई बारीक, पण माझा धक्का खांद्यात असा मुरवून घेत असे की शेजारच्या लेनवरचे पैलवान बघत राहत. आणि तिला माझी निगा कळत होती. माझं जुनं लष्करी काडतूस झाडलं की नळीत खारट राख राहते. नुसत्या तेलाने ती निघत नाही, खालून लोखंड खाते. नळीतून उकळतं पाणी ओतावं लागतं, मग चिंधी ओढायची, मग तेल. उल्का क्लबच्या पँट्रीतली चहाची किटली आणायची. प्रबोध हसायचा.

"अगं, दिवाळीत आपण आधी तेल लावतो, मग ऊन पाणी. हिचं सगळं उलटंच."

"हिची आई बंगालची आहे," उल्का म्हणायची. "तू किटली धर, सांडू नकोस."

निगा राखली नाही म्हणता ना साहेब? ही निगा. त्या किटलीबद्दल तुम्हीच नोटीस लावली होती.

आता मूळ गोष्टीवर येते.

त्या वर्षी प्रबोधची आई, शैलाबाई, साताऱ्याहून नवरात्रात आल्या होत्या. क्लबचा फॅमिली डे नेमका खंडेनवमीला आला. त्या दिवशी आमच्याकडे शस्त्रांची, हत्यारांची पूजा करतात. शस्त्र नसेल तर सुरी, विळी, शिवणाचं मशीनसुद्धा पुजतात. शैलाबाईंना सुनेच्या हातातलं खरं शस्त्र सापडलं, मग काय! उल्काने तुमच्याकडे परवानगी मागितली. तुम्ही खूश. "कल्चर! गुड, गुड. फोटो काढू. मीपण येतो."

मला टेबलावर पांढऱ्या कापडावर आडवी ठेवली. नियमाप्रमाणे बोल्ट मागे ओढलेला, चेंबर उघडं. आत गोळी नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून. म्हणजे माझं तोंड आभाळाकडे आणि आ वासलेलं.

"आजी, गनचा पण बर्थडे असतो आह?" गार्गीने इथल्या पोरांच्या ढंगात विचारलं.

"वाढदिवस नव्हे गं, मान असतो," शैलाबाई म्हणाल्या. "वर्षभर राबते ना ती."

शैलाबाईंचा हात हलका. त्यांनी दस्त्यावर हळदकुंकवाचं एक बोट लावलं. नळीवर झेंडूचं फूल ठेवलं. दोन अक्षता, मोजून दोन, दस्त्यावरच वाहिल्या. उघड्या चेंबरकडे बघून त्या स्वतःच म्हणाल्या, "हे हिचं तोंड दिसतंय. इथं काही जायला नको बाई."

मग तुम्ही पुढे आलात. वाटीतल्या अक्षता ओल्या, तुपाच्या आणि कुंकवाच्या. तुम्ही मूठ भरलीत आणि प्रबोधला विचारलंत, "थ्रो?"

प्रबोधला चेष्टा सुचली. "थ्रो, सर! लग्नासारखं!"

तुम्ही फोटोवाल्याकडे बघत मूठ उधळलीत. माझ्याकडे बघत नव्हतात. लोक हसले. टाळ्या वाजल्या. शैलाबाईंचा चेहरा उतरला, पण साहेबाला कोण बोलणार? उल्काने लगेच चिंधी हातात घेतली होती. शैलाबाईंनी तिचा हात धरला.

"आज नाही हं. आज पुजलेल्या शस्त्राला हात लावायचा नाही. उद्या दसरा, उद्या काय ते पूस."

"आई, अहो, आत गेलं असेल तर..."

"एका रात्रीने काय होतंय?"

सासूबाई वर्षातून एकदा येतात. उल्काने चिंधी खाली ठेवली. वरची फुलं काढून मला तशीच कुलपात टाकली. दसऱ्याला तिला हॉस्पिटलातून बोलावणं आलं. डेंग्यूचे पेशंट वाढले होते, लॅबमध्ये नळ्यांचे ढीग. तो आठवडा तिला क्लबात पाय ठेवता आला नाही.

तेवढ्यात वार्षिक तपासणी आली आणि ती तुम्ही केलीत.

मित्रांनो, जुन्या रायफलीचं चेंबर तपासायला एक पोलादी मापाचा तुकडा असतो, गेज म्हणतात. तो आत ठेवून बोल्ट दोन बोटांनी हलकेच बंद करायचा. जोर लावायचा नाही. बरोबर मापाच्या गेजवर बोल्ट बंद व्हायलाच हवा. माझा झाला नाही. कारण काडतुसाची कड जिथे टेकते, त्या खोबणीत तुपाने चिकटलेला एक तांदळाचा दाणा वाळून बसला होता. तुम्ही टॉर्च मारलात, लाल दिसलं. तुम्ही म्हणालात, "गंज." लिहिलंत, "चेंबर खराब. बोल्ट बंद होत नाही. कायमची बाद करावी."

अहो, अक्कल म्हणून काही असते की नाही? म्हाताऱ्या माणसाची पँट सैल होते, घट्ट नाही होत! सत्तर वर्षं झिजलेली रायफल मापात सैल निघेल. ती एका वर्षात घट्ट कशी झाली? आत काहीतरी आहे, एवढं सुचायला काय लष्करात जावं लागतं? एक चिंधी ओढली असती तर दाणा हातात आला असता.

उल्काला कळलं तेव्हा ती धावत आली. लॅबचा कोटही काढला नव्हता.

"सर, मला फक्त आत बघू द्या. ते कुंकू असेल. राइस असेल."

"रिपोर्ट वर गेलाय," तुम्ही म्हणालात.

"मग परत मागवा ना!"

"मिसेस उल्का, तपासणीच्या रिपोर्टमध्ये मी लिहू की रायफलीत भात होता? हेडक्वार्टर हसेल, लाह."

म्हणजे हसू नये म्हणून मला मारायचं. बरं.

वेल्डिंगच्या दिवशी खोलीत आपण तिघंच होतो. तुम्ही, वेल्डिंगवाला आणि मी. आधी बोल्ट बंद करायचा, मग त्याला वेल्ड मारायचा, म्हणजे तो पुन्हा उघडत नाही. वेल्डिंगवाल्याने बोल्ट पुढे ढकलला, अडला. त्याने तळहात लावून जोर दिला.

कर्र.

बारीक आवाज झाला. दाताखाली खडा यावा तसा. आणि दांडा खाली बसला. सुरेख, लोण्यासारखा, जसा परेरांच्या हातात बसायचा. खोबणीच्या कडेने चिमूटभर लालसर पीठ टेबलावर गळलं.

"बॉस, बंद होतोय की," वेल्डिंगवाला म्हणाला.

तुम्ही ते पीठ अंगठ्याने पुसलंत. अंगठा नाकाशी नेलात. तुपाचा वास होता. गंजाला तुपाचा वास येत नाही, साहेब. तुम्ही खिशातून रुमाल काढून अंगठा पुसलात आणि म्हणालात, "वेल्ड."

माझ्या बाबतीत एवढंच घडलं. दुखलं का, असं मुलं विचारतात. नाही, दुखलं नाही. लोखंड आहे मी. ज्वाला आली, लोखंड वितळलं, थिजलं. आता मी छत्र्यांचा स्टँडही नाही, कारण काचेत छत्री कोण ठेवतं? परेरा त्याआधीच गेले होते. ते एक बरं झालं.

पण शैलाबाई जिवंत होत्या. त्यांना साताऱ्याला फोनवर कळलं. त्या दिवसापासून त्यांनी मनात घेतलं की आपणच हट्टाने चिंधी थांबवली, आपल्या पूजेनं शस्त्र मेलं. पुढच्या खंडेनवमीला त्यांनी घरात पूजाच मांडली नाही. विळीसुद्धा नाही. प्रबोधने किती समजावलं, स्वतःच्या चेष्टेवर दोष घेतला. त्या म्हणायच्या, "तू गप रे. हात मी धरला होता तिचा." आणि उल्का समजूत तरी कशी घालणार? खरंच आत गंज चढला होता की नुसता दाणा होता, हे तिलाच माहीत नव्हतं. वेल्डच्या आत काय होतं ते आता कोणीच उघडून बघू शकत नाही.

आता प्रबोधचा इथे काम करायचा पास संपतोय. मंडळी पुण्याला परत निघालीत. सामान बांधायला मदत म्हणून शैलाबाई आल्या आहेत. आज सकाळी त्या उल्काबरोबर क्लबात आल्या, माझा निरोप घ्यायला. नेमकी तेव्हाच तुमची शाळेची रांग आली. तुम्ही काचेवर टकटक केलीत. "निगा राखली नाही. गंज चढला."

शैलाबाईंना इंग्रजी थोडंफार कळतं. 'रस्ट' हा शब्द कळला. त्यांनी काचेपुढे हात जोडले.

"माफ कर गं बाई मला."

उल्काने त्यांचे हात खाली घेतले. मग ती तुमच्याकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. लॅबमध्ये रिपोर्ट वाचतात तसं विचारलं.

"सर, एकच प्रश्न. गंजाने चेंबर बिघडलं असेल तर बोल्ट जोरानेही नीट बसला नसता. तांदूळ असेल तर जोर लावल्यावर चिरडला असता आणि बोल्ट पूर्ण बसला असता. तुम्ही तिथे होतात. वेल्ड करताना बोल्ट बंद झाला होता का?"

तुम्ही घड्याळ बघितलंत. "लाँग टाइम ऑलरेडी, लाह. आता कशाला?"

कशाला? तुमच्यासमोर एक म्हातारी उभी आहे, जिला वाटतं की आयुष्यात पहिल्यांदा आपण कोणाला तरी मारलं. मी माणसं मारायला घडवलेली वस्तू. मला त्या ओझ्याची थोडी माहिती आहे. ते चुकीच्या खांद्यावर आहे.

मित्रांनो, वस्तू जपा, हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते साहेब सांगतात. तुम्ही फक्त आता खाली कँटीनला जाऊ नका. इथेच थांबा. साहेबांचा उजवा हात बघा. अंगठा खिशात घातलाय त्यांनी.

साहेब, मुलं थांबली आहेत. म्हातारी थांबली आहे. बोल्ट बंद झाला होता की नव्हता? हो की नाही, एवढंच. बोला.