बाईंची दुभाषी

बाईंनी पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला पालथा घातला आणि हात मागे घेतला. ज्योत आखडली, विझली, आणि बशीतलं रंगीत पाणी सरसर पेल्यात चढलं. समोर देशोदेशीचे विज्ञानशिक्षक बसले होते. हा प्रयोग बहुतेकांना तोंडपाठ होता. त्यांनी अदबीनं माना हलवल्या.

"पाणी का चढलं?" बाईंनी विचारलं.

शेजारी उभ्या असलेल्या लेकीनं तो प्रश्न परक्या भाषेत सांगितला. आपल्या वर्गातलं काही इतरांना दाखवायला परदेशातल्या या शिक्षक-महोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा आयोजकांनी बाईंना दुभाषी देऊ केला होता. पण लेक याच शहरात राहायची, आणि तिचं पोटच त्या कामावर होतं. मी असताना दुसरा कशाला, असं ती फोनवर म्हणाली, आणि बाई हरखून गेल्या. कित्येक वर्षांत तिनं आपण होऊन काही देऊ केलं नव्हतं.

पुढच्या रांगेतले एक दाढीवाले शिक्षक म्हणाले, ज्योतीनं प्राणवायू संपवला, जागा रिकामी झाली, तिथं पाणी आलं. मागे दोघं-तिघं हसले. खरं उत्तर त्यांना ठाऊक असणार. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते उत्तर फळ्यावर लिहिलं आणि दाढीवाल्यांना असं का वाटलं ते विचारलं. त्यांचं सांगून होईतो थांबल्या. मग पाणी ज्योत जळताना चढतं की विझल्यावर, ते नीट बघा म्हणाल्या आणि मेणबत्ती पुन्हा पेटवली. दाढीवाले खुर्चीतून पुढे वाकले. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच कपाळावर हात मारला. ज्योत विझल्यावर तापलेली हवा गार झाली, आकसली, म्हणून पाणी वर गेलं, हे त्यांचं त्यांनाच सापडलं होतं. टाळ्या पडल्या.

हीच आपली पद्धत, बाईंनी सांगितलं. चुकलेलं उत्तर पुसायचं नाही. पोराला त्याचं कारण विचारायचं आणि थांबायचं. कारण ऐकलं की गाडी कुठं अडलीय ते कळतं.

लेक काहीही न गाळता सांगत होती. आवाज स्वच्छ, सपाट. फक्त 'थांबायचं'पाशी ती किंचित अडखळली, आणि बाईंच्या हातातला खडू उगाच या हातातून त्या हातात गेला.

हाच प्रयोग त्यांनी एकदा घरी केला होता. पाहुणे जेवायला आले होते, लेक तिसरी-चौथीत असेल. तिनंही हेच उत्तर दिलं होतं, अगदी छाती पुढे काढून. शिक्षिकेच्या पोटी येऊन हे उत्तर, असं बाई बोलून गेल्या. दिव्याखाली अंधार, कुणीतरी पुस्ती जोडली, आणि सगळे हसले. बाईही हसल्या. पोर बशीकडे बघत राहिली. त्यानंतर बाईंनी काहीही विचारलं की ती 'माहीत नाही' म्हणायची. पुढे पुढे बाईंनी विचारणंच सोडलं. शाळेतल्या पोरांना त्यांचा धीर पुरायचा. घरी येईतो तो संपलेला असायचा.

मागच्या रांगेतल्या एक तरुण शिक्षिका उठल्या आणि त्यांनी काही विचारलं. लेकीनं ते बाईंना सांगितलं नाही. परस्परच उत्तर दिलं, दोनच वाक्यांत. त्या शिक्षिका मान खाली घालून ते लिहून घेऊ लागल्या.

"काय विचारलं त्यांनी?"

"उत्तरासाठी किती थांबायचं, म्हणून."

"मग? काय सांगितलंस तू?"

लेक बशीतलं पाणी बादलीत ओतत होती. "म्हटलं, कितीही थांबा. फक्त मूल मोठं व्हायच्या आधी विचारा."

बाई काही बोलणार, तोवर मंडळी हात मिळवायला भोवती जमली. लेक एकेकाचं कौतुक त्यांना सांगत राहिली. दुभाष्यांच्या रिवाजाप्रमाणे बोलणाऱ्याचा 'मी' ती 'मी'च ठेवायची.

दाढीवाले बाईंचा हात हातात घेऊन काही म्हणाले. "मला तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं," लेकीनं सांगितलं.

बाईंनी दाढीवाल्यांकडे पाहायला हवं होतं. त्या लेकीकडे बघत राहिल्या. मग "धन्यवाद" म्हणाल्या, आणि लेकीनं तेही पोचवलं.

जिना उतरताना तिनं सामानाची पिशवी घेतली आणि दुसऱ्या हातानं बाईंचं कोपर धरलं. आता मधे परकी भाषा नव्हती.

"तुझं घर बघायचं राहिलं," बाई शेवटी म्हणाल्या.

लेक पायऱ्यांकडे बघत उतरत राहिली. एरवी बाईंनीच 'राहू दे, तुला कामं असतील' म्हणून तिची सुटका केली असती. आज त्या गप्प राहिल्या. एक मजला उतरून झाला.

"उद्या संध्याकाळी ये," लेक म्हणाली.

बाईंचं परतीचं विमान उद्या दुपारचं होतं. तिकीट लेकीनंच काढलं होतं.

"येते," बाई म्हणाल्या.