चौथ्या मजल्याची बादली

गेम डिझाइनच्या वर्गात मृणालिनीने टेबलावर जुन्या कॅलेंडरची पाठ अंथरली. तिच्यावर पेन्सिलीने काढलेलं स्वयंपाकघर, नळ, पिंप, कळशी, दोन बादल्या आणि पाळणा. पाण्याच्या जागी शर्टाची बटणं. बाकीच्यांनी पडद्यावर झळकणारे राक्षस आणले होते. तिच्या गेमचा संसार एवढाच.

"सर, पाणी पहाटे साडेपाचला येतं, सव्वासहाला जातं. तेवढ्यात सगळं भरायचं. पण भांडं वाजलं की बाळ उठतं, आणि बाळ उठलं की गेम संपला."

अनिरुद्ध सर हसले. "गोड आहे गं. पण घड्याळाशी शर्यत लावणारे ढीगभर गेम्स आहेत. तुझ्यात नवीन काय? नाहीतर नितेशच्या झॉम्बींमध्ये जा ना, त्याच्या टीममध्ये एक माणूस कमी आहे."

नितेशची टीम संध्याकाळी आठपर्यंत थांबायची. आठ महिन्यांच्या मिहिरला सोडून तेवढा वेळ थांबायचं म्हणजे कोर्सच सुटणार. बाळंतपणानंतर किती मिनतवाऱ्या करून तिने तो पुन्हा धरला होता!

तेवढ्यात दारात भाऊ उभे राहिले. तिचे सासरे. रोज दीड वाजता ते मेट्रोने मिहिरला बोरीवलीहून अंधेरीला आणायचे, तिने दूध पाजावं म्हणून. आज क्लास लांबला होता.

"काका, या, खेळता का?" सर म्हणाले. "कधीच गेम न खेळलेला माणूस हवाच होता."

मिहिरला तिच्या मांडीवर देऊन भाऊ बसले. कळशीच्या चित्राखाली त्यांनी आपला रुमाल घडी करून सारला. "खाली फडको घालूचो, म्हणजे वाजणा नाय." वर्गात कौतुकाची शिट्टी वाजली. मग त्यांनी पहिल्या बादलीत बटणं भरली आणि ती सगळी उचलून कागदाबाहेर, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली. पिंप अर्धवट राहिलं आणि शेजारच्या बाकावरच्या श्रुतिकाने मोबाईलवर लावलेला गजर वाजला, वेळ संपला.

"काका, वाट लागली तुमची!" श्रुतिका ओरडली.

पुन्हा खेळले. पुन्हा तेच.

"अहो भाऊ," मृणालिनी रडकुंडीला आली, "बादली आपल्या घरात ठेवायची ना!"

"आपली मगे भरूची. चवथ्या माळ्यार पाणी चढणा नाय. पयली बादली वरच्या मालनवैनीची. तू निजलेली असतंस, तेव्हा मी वर न्हेऊन ठेवतंय."

लग्नाला दोन वर्षं झाली. त्या स्वयंपाकघरातलं भांडं न् भांडं तिने या कागदावर मांडलं होतं, आणि हे तिला ठाऊकच नव्हतं.

"आणि त्या बदल्यात काय देतात?" सरांनी विचारलं.

"बादली परत देतत."

सगळा वर्ग हसला. मृणालिनीने मात्र पेन्सिल घेतली. मिहिर तिची ओढणी चघळत असतानाच तिने कागदावर जिना काढला, वर एक दार, आत कोरडा नळ.

"सर, पाणी तेवढंच. पहिली बादली वर द्यायची की नाही, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. दिल्याचे पॉइंट्स नाहीत."

"आणि नाही दिली तर?"

"तर पिंप भरेल. जिंकाल." तिने कोरड्या नळावर पेन्सिल टेकवली. "पण वरचा नळ तुम्हाला शेवटपर्यंत दिसत राहील."

सर पुढे आले. खुर्ची ओढून बसले. "काका, सरका जरा."

त्यांनी भराभर बटणं टाकली, मग पहिल्या बादलीतली बटणं मुठीत उचलली, जिन्याकडे नेली, पिंपाकडे आणली, परत जिन्याकडे. श्रुतिकाच्या मोबाईलचा गजर वाजला तेव्हा ती त्यांच्या हातातच होती.

"नितेश," सर कागदावरची नजर न काढता म्हणाले, "तुझ्या टीममध्ये एक माणूस कमीच राहणार रे."